पंचांचा घोट

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव कुठल्या राजाच्या मुलखात होतं, हेही आता कुणाला आठवत नाही.

डोंगराच्या उतारावर ते गाव वसलेलं होतं. गावाच्या वरच्या अंगाला मातीच्या बांधाची एक तळी होती. तिचं पाणी गोड. खालच्या अंगाला एक विहीर होती. तिचं पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायचं. म्हणून चैत्र लागला की बायका डोंगर चढायच्या आणि वरच्या तळीतून हंडे भरून आणायच्या.

गावाचा कारभार पाच पंच बघत. चावडीमागच्या खोलीत दार लावून ते बसत. आतलं बोलणं आतच राहावं म्हणून एक जुनी चाल होती. बैठक संपली की पाण्याचा तांब्या फिरायचा. प्रत्येक पंचाने एक घोट तोंडात घ्यायचा, तो तसाच धरून घरापर्यंत चालत जायचं, आणि आपला उंबरा ओलांडला की मगच गिळायचा. पाणी पोटात गेलं की त्याबरोबर आतली गोष्टही पोटात गेली, असं समजायचे.

वाटेत घोट घेतलेला पंच दिसला की मोठी माणसं बाजूला सरत. पोरं मात्र गाल फुगवून त्याच्या मागे मागे चालत आणि खिदळत.

ही चाल का पडली, ते फार थोड्यांना ठाऊक होतं. पूर्वी कधीतरी एका बैठकीत कोण कुणाच्या विरुद्ध बोललं ते बाहेर फुटलं, आणि दोन घरांमध्ये कुऱ्हाडी निघाल्या. तेव्हापासून घोट आला. कोण काय बोललं, एवढंच झाकायला तो होता. पण वर्षं गेली आणि घोट मोठा होत गेला. पंच नुसता हुकूम सांगू लागले. हुकुमामागचं कारणही ते गिळू लागले.

पाच पंचांत एक बाई होती, तानूबाई. तिचा नवरा पंच होता. तो गेल्यावर गावानेच तिला त्याच्या जागी बसवलं, कारण तिच्या पोटात गोष्ट राहते, असा तिचा लौकिक होता. तिला मूलबाळ नव्हतं. बैठकीहून घरी यायचं, घोट गिळायचा, चूल पेटवायची आणि एका माणसापुरतं पीठ मळायचं, असे तिचे दिवस जात.

तिचं म्हणावं असं एकच माणूस गावात होतं. शेजारच्या आळीतली कोंडाई. दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आल्या होत्या. कोंडाई बोलकी आणि तानूबाई ऐकती. कोंडाईच्या सुनेचे टोमणे, तिच्या गुडघ्यांचं दुखणं, तिच्या नातीचे हट्ट, सगळं तानूबाईला पाठ होतं. तानूबाईच्या मनात काय चाललंय, ते मात्र कोंडाईला क्वचितच कळे.

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे खोल आडात खडा टाकायचा," कोंडाई म्हणायची. "पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही गं बाई!"

आणि तानूबाई नुसती हसायची.

एका उन्हाळ्यात, सकाळची बैठक भरली असताना, एक माणूस पंचांच्या दारात आलं. ती बाई होती की बाप्या, तरणी होती की म्हातारी, ते या गोष्टीतही यायचं नाही. ते माणूस आत आलं, त्याने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं आणि ते खाली बसलं.

"घरात पोरांच्या पोटाला काही नव्हतं," ते म्हणालं. "तळीत पाणी थोडं राहिलंय, मासे दिसत होते. मी गेळफळं कुटून पाण्यात टाकली."

गेळफळ हे रानातलं फळ. ते कुटून पाण्यात टाकलं की मासे गुंगी येऊन वर तरंगतात. पण पाणी विषारी होतं.

"मासे नेले. वाटलं, पाणी आपोआप निवळेल. पण आज उजाडता माझी शेळी तिथलं पाणी प्यायली आणि तडफडून मेली. माझं काय करायचं ते करा. पण माणसांना ते पाणी पिऊ देऊ नका."

पंचांनी त्या माणसाला मागच्या वाटेने घरी पाठवलं.

"तळी बंद करायची. पाऊस पडून नवं पाणी येईपर्यंत," थोरले आबा म्हणाले. ते पंचांमध्ये सगळ्यात वडील. "आणि याचं नाव बाहेर जाता कामा नये. गाव त्याचं घर पेटवून देईल."

"बरोबर आहे," सगळे म्हणाले.

"कारण सांगितलं की लोक नाव विचारणार. तेव्हा कारणही नको. कोतवाल बाहेरगावी गेलाय, तो संध्याकाळी आला की दवंडी पिटू. नुसता हुकूम."

"पण आबा," तानूबाई म्हणाली, "गोड पाणी बंद करायचं, आणि का ते सांगायचं नाही? लोकांना पटेल का?"

"आजवर कधी कारण सांगितलंय का आपण?"

सांगितलं नव्हतं खरंच. तानूबाईने मान खाली घातली. तांब्या तिच्यापर्यंत आला, तिने घोट घेतला आणि ती बाहेर पडली.

आळीच्या तोंडाशी समोरून कोंडाई आली. डोक्यावर हंडा होता. पदर भिजला होता आणि गुडघे दुखतात म्हणून ती वाकडी पावलं टाकत होती. ती वरच्या तळीवरूनच येत होती.

तानूबाई वाटेत आडवी झाली. तिने हंड्याकडे बोट दाखवलं आणि जोरजोरात हात हलवला.

"अगंबाई, गालात लाडू कोंबलास का?" कोंडाई हसली. "हां, घोट आहे होय! जा बाई जा. मोठी माणसं तुम्ही, आमच्यासारख्यांशी कशाला बोलाल?"

तानूबाईने हंड्याच्या काठाला हात घातला.

"अगं सोड! सांडेल ना! एवढा डोंगर चढून आणलंय. नात सकाळपासून गोड पाणी मागतेय."

घोट थुंकून टाकायचा होता. एवढंच करायचं होतं. पण आजवर एकाही पंचाने वाटेत घोट टाकला नव्हता. तिच्या नवऱ्याने साप आडवा आला तरी टाकला नव्हता, आणि त्याचं केवढं कौतुक झालं होतं! तानूबाईचा हात हंड्यावरून निघाला. ती जवळजवळ पळतच घरी गेली, उंबरा ओलांडला, घोट गिळला आणि तशीच मागे फिरून कोंडाईच्या दारात आली.

"कोंडाई, ते पाणी ओतून दे."

"का?"

तानूबाईने पुन्हा हंड्याकडे हात नेला.

"का गं? काय झालंय पाण्याला?"

"ते सांगता येत नाही. पण ओत. माझं ऐक."

कोंडाईने हंडा खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून ती तिच्याकडे बघत राहिली. "तानू, माझा नवरा कसा गेला ते तुला सांगितलं. सून मला काय बोलते ते सांगितलं. घरात धान्य संपलं तेव्हा आधी तुझ्याकडे आले. आणि तू मला एवढं साधं कारण सांगत नाहीस? कारण सांग, आत्ता ओतते. तुझ्यासमोर ओतते."

कारण तानूबाईच्या अगदी ओठांवर आलं. पण कोंडाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला माहीत होतं. आता कारण सांगितलं, तर दुपारपर्यंत गावभर होईल. मग सगळे नाव शोधायला निघतील. मेलेली शेळी तर त्या माणसाच्या अंगणातच पडली असेल. आणि घोट तर गिळून झालाच होता.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

"मग मलाही नाही ऐकता येत," कोंडाई म्हणाली आणि हंडा उचलून आत गेली.

तानूबाई थोडा वेळ दारात उभी राहिली. संध्याकाळी दवंडी होईलच, तेव्हा सगळ्यांबरोबर कोंडाईही ऐकेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि ती घरी गेली.

दवंडी झाली. "ऐका हो ऐका! वरच्या तळीचं पाणी कुणी प्यायचं नाही, गुरांना पाजायचं नाही! पंचांचा हुकूम!" पण त्याआधीच कोंडाईच्या नातीने दोन वेळा पाणी पिऊन घेतलं होतं. दिवेलागणीला तिला उलट्या सुरू झाल्या. वैद्यांना बोलावलं. पोरीच्या डोळ्यांतलं तेज गेलं, हातपाय गार पडले.

तानूबाई धावत गेली, वैद्यांच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "गेळफळाचं पाणी आहे. त्यावरचं औषध द्या."

ते कोंडाईने ऐकलं. तिने फक्त तानूबाईकडे पाहिलं. पुढे कितीतरी दिवस तानूबाई डोळे मिटायची तेव्हा ते पाहणं तिला दिसायचं.

औषध वेळेवर मिळालं आणि पोर वाचली. पण तिच्या अंगात उभं राहायचंही बळ राहिलं नाही. सगळा उन्हाळा तिने अंथरुणावर काढला.

गाव खवळलं. आधी लोक म्हणत होते, "आबांना तळीचं पाणी आपल्या केळीला न्यायचंय, म्हणून हा हुकूम." आता म्हणू लागले, "पंचांना माहीत होतं! माहीत असून मूग गिळून बसले!" मल्हारी नावाचा एक दांडगा गडी पुढे झाला. त्याने चार जणांना घेऊन पंचांच्या खोलीचं दार बिजागरीसकट उपटलं आणि चावडीपुढे आणून टाकलं.

"आता काय ते उघड्यावर!" तो ओरडला. "पाण्यात विष कुणी कालवलं? नाव सांगा!"

सगळं गाव जमलं होतं. ते माणूसही त्या गर्दीत होतं. ते कुठे उभं आहे, हे तानूबाईला दिसत होतं. थोरले आबा जमिनीकडे बघत बसले होते. शेवटी तानूबाई उठली.

"पाण्यात गेळफळ पडलं होतं," ती म्हणाली. "माशांसाठी. कुणाला मारायला नव्हे. ते आम्हाला सकाळीच कळलं होतं. आम्ही ते तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी कोंडाईच्या दारात उभी राहिले आणि नाही सांगितलं. तो दोष पंचांचा आहे, आणि माझा सगळ्यात जास्त."

"नाव!" मल्हारी म्हणाला.

"नाव सांगणार नाही."

गर्दीतून कोंडाई पुढे आली. "माझ्या नातीपेक्षा ते माणूस तुला जवळचं झालं?"

"नाही गं. तुझ्या नातीपेक्षा मला कुणी जवळचं नाही. पण ते माणूस आपल्या पायांनी चालत आलं आणि त्याने सांगितलं, म्हणून गावातली बाकीची पोरं आज उभी आहेत. तेच घाबरून घरी बसलं असतं तर? उद्या पुन्हा कुणाच्या हातून काही होईल. आज मी हे नाव घेतलं, तर उद्या तसं कुणीच आपल्याकडे येणार नाही."

"नाव सांग, तानू. मग मी सगळं विसरेन."

त्या एका नावाच्या बदल्यात कोंडाई परत मिळत होती. दोघींचं सगळं आयुष्य परत मिळत होतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग आजपासून तुझं माझं काही नाही," असं म्हणून कोंडाई निघून गेली. गर्दीने तिला वाट करून दिली.

त्यानंतर पंचांच्या बैठका त्या बिनदाराच्या खोलीत, सगळ्यांसमोर भरू लागल्या. ज्याला वाटेल त्याने यावं, बसावं, ऐकावं. पहिले काही दिवस लोकांना मोठी गंमत वाटली. पण हळूहळू पंच एकमेकांशी बोलेनासे झाले आणि गर्दीशी बोलू लागले. जो मोठ्याने बोलेल त्याला टाळ्या पडत. सकाळी एक बोललेला पंच दुपारी "माझं चुकलं" म्हणायला तयार होईना, कारण चार लोक हसतील. एकदा एक सून डोक्यावरचा पदर पुढे ओढून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या मनगटावर काळेनिळे वळ होते. आतली गर्दी पाहून ती तशीच मागे फिरली. तानूबाई तिच्या मागे गेली, पण तोवर ती आळीत दिसेनाशी झाली होती.

पुढच्या बैठकीत तानूबाई म्हणाली, "दार परत बसवा."

एकच गलका झाला.

"ऐकून तर घ्या! बोलताना दार लावलेलं असू दे. पण बैठक उठल्याबरोबर एका पंचाने बाहेर कट्ट्यावर बसायचं. त्याने घोट घ्यायचा नाही. काय ठरलं, का ठरलं, त्यात कुणाचा तोटा आहे, सगळं सांगायचं, आणि लोक विचारतील तोवर उठायचं नाही. आत फक्त दोन गोष्टी ठेवायच्या. कोण काय बोललं ते, आणि विश्वासाने आलेल्याचं नाव."

"आणि तुम्ही खोटंच कारण सांगितलं तर?" मल्हारीने विचारलं.

"तर तू आत येऊन बस. दर बैठकीला गावातलं एक माणूस आत बसेल. पहिला तूच."

दार परत लागलं आणि मल्हारी आत बसला. बैठक संपल्यावर तो गाल फुगवून बाहेर आला, तेव्हा त्याचे मित्र त्याच्या भोवती नाचत होते. "मल्हारी, सांग की! कुणाचं काय होतं?" त्याचे डोळे बाहेर यायची वेळ आली, पण त्याने घोट सांडला नाही. घरी जाऊन गिळला आणि म्हणाला, "कट्ट्यावर तानूबाई सांगतेय ते खरं आहे. त्यापुढे मला विचारू नका."

कट्ट्यावर बहुतेक वेळा तानूबाईच बसे. लोक येत, विचारत, ऐकत आणि आपापल्या घरी जात. तिच्यापाशी गप्पा मारायला मात्र कुणी थांबत नसे. जिच्या पोटात गावाची गुपितं आहेत, तिच्याजवळ बसायला माणसं बिचकतात. कोंडाई तर चावडीवरून जाणंच टाळी. लांबच्या आळीने वळसा घाली, दुखत्या गुडघ्यांनी. तानूबाई तिला लांबून बघे. हाक मारायला तोंड उघडे आणि पुन्हा मिटून घेई. घरी येऊन ती चूल पेटवी. कधी कधी कोंडाईच्या आठवणीत नकळत दोन माणसांचं पीठ मळलं जाई, आणि दुसरी भाकरी सकाळी ती कुत्र्याला घाली.

पाऊस आला. तळी धुऊन निघाली, भरली आणि काठोकाठ झाली.

भाद्रपदात, बैठक चालू असताना, दारावर थाप पडली. एक माणूस चिंब भिजलेलं आत आलं. त्याने दार लावून घेतलं.

"इथे सांगितलेलं नाव बाहेर जात नाही, असं मी पाहिलंय," ते म्हणालं. "म्हणून पाय इकडे वळले. माझ्या वाफ्याला पाणी न्यायला मी तळीच्या बांधाला मागून भोक पाडलं होतं. दगडाने बुजवलं होतं. आता तिथून माती वाहतेय. आधी मनगटाएवढी धार होती. आता मांडीएवढी झालीय."

पंच तडक उठले. त्या दिवशी कुणीच घोट घेतला नाही, वेळच नव्हता. तानूबाई कट्ट्यावर चढली आणि तिने हाका मारून लोक गोळा केले.

"तळीचा बांध मागून पोखरलाय! पाणी वाहतंय. बांध फुटला तर खालच्या दोन्ही आळ्या वाहून जातील. पोरं आणि गुरं घ्या आणि देवळाच्या माळावर चला. सामान राहू दे!"

"बांध पोखरला कुणी?" एकाने विचारलं.

"ते सांगणार नाही. भोक कुठे आहे, ते चला, दाखवते."

कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. मल्हारी फावडं घेऊन बांधाकडे धावला. बाकीचे घरांकडे धावले. कोंडाईच्या घरातूनही माणसं निघाली, नातीला मुलाच्या खांद्यावर घेऊन. दुपार कलायच्या आत बांध फुटला. खालच्या दोन्ही आळ्यांतल्या भिंती पडल्या, कणग्या वाहून गेल्या. माणूस मात्र एकही गेलं नाही.

माळावर लोक घोंगड्या पांघरून दाटीवाटीने बसले होते. घराघराचे घोळके झाले होते. तानूबाई शेवटच्या माणसाला वर आणून स्वतः वर आली. बसायला जागा शोधत ती एका घोळक्यापासून दुसऱ्या घोळक्यापर्यंत गेली. कुणी तिला नको म्हटलं नाही, पण कुणी हाकही मारली नाही. एका झाडाखाली कोंडाई बसली होती. तिच्या मांडीवर नात झोपली होती. तानूबाई तिथून पुढे जाऊ लागली.

"तानू."

ती थांबली.

"याही वेळी नाव सांगणार नाहीस ना?" कोंडाईने विचारलं. तिचा आवाज कोरडा होता.

"नाही."

"मी विचारलं तरी?"

"तू विचारलंस तरी."

कोंडाई बराच वेळ नातीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग ती थोडी बाजूला सरकली आणि तिने घोंगडीचा कोपरा उचलून धरला.

"माझ्या घरातलं एक आहे," ती हळूच म्हणाली. "कुणाला सांगायची छाती होत नव्हती. उद्या येईन तुझ्याकडे. दार लावून घे."

तानूबाई तिच्याशेजारी बसली.

तात्पर्य: निर्णयाचं कारण सगळ्यांचं असतं, ते सांगावं; विश्वासाने दिलेलं नाव देणाऱ्याचं असतं, ते जपावं.